दर्शनाच्या नाटकातली पाच गप्प मिनिटं

“पाच मिनिटं पोरं नुसते हातवारे करणार? परीक्षकांना वाटेल, पाठांतर झालेलं नाही,” हेडमास्तर म्हणाले आणि वहीवर त्यांनी लाल रेघ मारली.

वही दर्शनाची. आठवीतली, शेलार गावाहून यायची. मी तेव्हा शाळांमधून मुलांना नाटक लिहायला शिकवायचे. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. भिवंडीतल्या या शाळेत आठ दिवसांचं वर्कशॉप घेतलं, त्यातलं एक नाटक आंतरशालेय स्पर्धेला जाणार होतं. दर्शनाचं निवडलं आणि टाईप करायला म्हणून वही मीच हेडमास्तरांच्या हातात दिली.

पात्रं काय करतात हे नाटकात कंसात लिहितात, त्याला रंगसूचना म्हणतात. दर्शनाची पहिली तीन पानं नुसते कंस. बाप लूमवर कापड विणतोय, आई सुताच्या कांड्या भरतेय, मुलीला त्यांना सांगायचंय की मला शाळा सोडायची नाही. तिघंही खुणांनी बोलतात. मग लाईट जाते, लूम थांबतो आणि मुलगी तोंड उघडते. तिचं वाक्य पुरं होण्याआधीच लाईट येते, लूम पुन्हा सुरू. हे तिला मी शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “बाई, लूम चालू हाय तवर ऐकू कोनाला येतंय? आमच्याकडं सगलं हातानंच सांगतात.”

हेडमास्तरांनी कंस खोडले. तिथे बापाच्या तोंडी शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण घातलं, तेही निबंधाच्या मराठीत. वर लेखक म्हणून स्वतःचं नाव.

“सर, नाटक दर्शनाचं आहे.”

“शाळेचं आहे, मॅडम. पोरीला उगाच डोक्यावर चढवू नका.”

मी भांडले. नाटक मागे घ्या म्हटलं. एण्ट्री शाळेची, त्यामुळे माझं काही चाललं नाही. दर्शनाने नवे संवाद निमूटपणे पाठ केले. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

लूमचा आवाज आम्ही खऱ्या शेडमध्ये टेप केला होता. तो मात्र हेडमास्तरांनी ठेवला, इफेक्ट म्हणून. स्पर्धेत खडखडाट सुरू झाला. पोरं घसा फोडून बोलत होती आणि चौथ्या रांगेत मला एक शब्द कळत नव्हता. नंबर आला नाही. परीक्षकांचा शेरा होता, ‘संवाद ऐकू येत नाहीत.’

बाहेर आल्यावर हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, “शेवटी लिखाण पोरीचंच. आणखी काय होणार?”

नाटक तिचं आहे हे त्यांनी कबूल केलं, ते असं.

दर्शनाने त्यांच्याकडे पाहिलं. “सर, लूम चालू असताना कोन बोलतं?”

“गप्प बस,” ते म्हणाले.

तेव्हापासून मी मुलांची वही कुणा मोठ्या माणसाच्या हातात देत नाही. नाटक हवं असेल तर समोर बसा, ज्याने लिहिलंय तो वाचून दाखवेल, असं सांगते. बहुतेक हेडमास्तरांना नेमकी तेव्हाच मीटिंग असते.