एका रिव्हॉल्व्हरचे दोन नंबर

तो प्रकार अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. आष्टीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सलग दुसरं दुष्काळी वर्ष, गावोगाव चारा छावण्या, आणि त्यातच सहकारी कारखान्याची निवडणूक लागलेली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घ्यायची, हा शिरस्ता.

दूध संघाच्या छावणीवर एक माजी सुभेदार रखवालदार होते. सगळे त्यांना बापू म्हणत. त्यांनी आपलं जुनं रिव्हॉल्व्हर जमा केलं, त्याच दुपारी खबऱ्या आला.

"साहेब, बापूनं परवान्याचं हत्यार कवाच इकलं. हे दुसरंच हाय."

परवाना काढला. बोअर, म्हणजे नळीचं माप, बत्तीस; नाव 'रेग्युलेशन पोलीस'. नावात पोलीस असलं तरी खात्याशी संबंध नाही, ते कंपनीने ठेवलेलं नाव. पुढे सहा आकडी नंबर. हत्याराचं गोळ्या भरायचं चक्र बाहेर काढून पाहिलं, तर आतल्या बाजूला भलताच नंबर, तोही पाच आकडी! मुख्यालयात हत्यारांची देखभाल करणाऱ्या आरमोररने कंपनीच्या मॉडेलांचा तक्ता बघून सांगितलं, "हे मॉडेल एकतीस." नाव वेगळं, नंबर वेगळा, म्हणजे हत्यारंही दोन. शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवून बापूंना आत टाकायचं, एवढंच राहिलं होतं.

बापूंना समोर बसवलं.

"परवान्याचं हत्यार कुणाला विकलं?"

"इकलं न्हाई साहेब. एकच हाय, तेच तुमच्या टेबलावर हाय."

"मग नंबर काय आपोआप बदलला?" मी टेबलावर हात आपटला.

"आता ते मी काय सांगू?"

संध्याकाळपर्यंत हेच. मी ओरडलो, समजावलं, तुरुंगाची भीती घातली. माणूस हलेना. खोटं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो, असा माझा अनुभव. हे तर शब्दही बदलत नव्हते. माझं डोकं पार चक्रावलं. कागद खरा की माणूस?

अटकेआधी एकदा खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी हत्यार घेऊन नगर गाठलं. तिथे एका निवृत्त डॉक्टरांना जुन्या हत्यारांचा नाद होता. त्यांनी आधी हत्याराचं नाव विचारलंच नाही.

"हे उघडतं कसं, ते आधी बघायचं," ते म्हणाले. "काहींची नळी पुढे मोडते, काहींत बाजूच्या झडपेतून एकेक गोळी भरतात, काहींचं चक्र कुशीला बाहेर येतं. मग बोअर, मग मूठ. नाव सगळ्यात शेवटी. कंपनीने आधी नावं दिली, पुढे त्याच मालाला आकडे दिले. तुमचं रेग्युलेशन पोलीस आणि मॉडेल एकतीस एकच."

"आणि नंबर?"

"हा आतला नंबर कारखान्यातल्या कामगारांचा. जोडणी करताना सुट्या भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून. नवे संग्राहकही इथेच फसतात. खरा नंबर मुठीच्या पुढच्या पट्टीवर."

तिथे नंबर नव्हता. होता तो शेंदूर! दर खंडेनवमीला बापूंनी पूजा करून तेल-शेंदूर लावलेला, त्याचा थरावर थर बसलेला. डॉक्टरांनी रॉकेलचा बोळा फिरवला, सुईने टोकरलं. एकेक आकडा वर आला. सहाच्या सहा आकडे परवान्याशी जुळले. मला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

परत येऊन बापूंना संशयातून मोकळं केलं. तेव्हा सहज परवान्याचं मागचं पान उलटलं. नूतनीकरणाचा शिक्का, खाली शेरा: 'हत्यार पाहिले, नंबर पडताळला.' सही माझी. दोनच वर्षांपूर्वीची. तेव्हाही तो नंबर शेंदराखालीच असणार. पडताळला होता कुणी?

"बापू, माझी सही आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय की. तवा तुमी हत्यार पिशवीतून बाहेरबी काढलं नव्हतं."

"मग काल बोलला का नाही?"

"तुमी लई तापला होता साहेब. शिपायांसमोर तुमाला कसं खोटं पाडू?"

माझी अब्रू राखायला हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता की मी ऐकणारच नाही अशी त्याची खात्री होती, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. त्यानंतर न पडताळता मी एकाही शेऱ्याखाली सही केली नाही. आधीच्या किती सह्या तशाच पडून आहेत, ते मात्र सांगता येत नाही.