तारेपलीकडचं सरपण

अपिलाच्या सुनावणीचा कागद आला तेव्हा मी खडी फोडत होतो. बहात्तरचा दुष्काळ होता. पाथर्डीजवळ रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. माझी बायको गंगू पाट्या वाहायची, मी बसून हातोडा चालवायचो. डावा पाय घोट्याच्या वरपासून गेला होता. अपंग पेन्शन नामंजूर झाली होती आणि कारण एका ओळीत दिलं होतं: स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी. ती ओळ खोटी होती, आणि ती माझ्याच जबानीतून आली होती.

खडीचं काम संपलं की गंगूला ऊसतोडीला जावं लागणार होतं. तिकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एका पायाच्या माणसाला मुकादम कशाला नेईल? ती तिच्या भावाबरोबर जाणार आणि मी मुलांना घेऊन घरी राहणार. पेन्शन मिळाली असती तर हे टळलं असतं.

कागद घेऊन मी नगरला वामनरावांकडे गेलो. ते आमच्या पलटणीचे हेड क्लर्क, निवृत्त होऊन सावेडीत राहत होते. त्यांनी मला अंगणात सावधान उभं केलं, कुबडीसकट, आणि साहेबांसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घटना काय, वेळ काय, हुकूम कोणाचा. मी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली.

घटना अशी. लढाई थांबून महिना झाला होता. आमची कंपनी अजून सरहद्दीवरच होती. पुढे आपल्याच सॅपर्सनी, म्हणजे सुरुंगांचं काम करणाऱ्या पलटणीनं, पेरलेले माइन्स, भोवती एकेरी तार, तारेला लाल त्रिकोण. रोज साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात, खंदकात, तयार; साडेसहाला स्टँड-डाउन, मग चहा. त्या दिवशी सरपण संपलं होतं. चहाची पाळी शिपाई भानुदासची. राहाता तालुक्यातला, तीन वर्षं नोकरी झालेला पोरगा. सहा चाळीसला मी मोर्च्यातून मान वर काढली, तर हा गडी तारेपलीकडून वाळक्या फांद्या काखेत मारून परत येत होता.

"थांब! हालू नको!" मी ओरडलो.

तो थांबला, पण थांबता थांबता एक पाऊल पडलंच.

धूर खाली बसला तेव्हा तो हाका मारत होता. मी नाईक, सेक्शन माझ्या हाताखाली. सेक्शनला जागेवर राहायचा हुकूम दिला आणि वायरलेस सेट उचलला.

"माइन कॅज्युअल्टी एक. सॅपर्स भेजो. ओव्हर."

"वेट. आउट."

मी वेट केलं नाही. त्याच्याजवळ पोचलो आणि दुसरा माइन माझ्या पायाखाली फुटला. मग आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून राहिलो. तो शुद्धीवर होता.

"नाईक, माझी पेशी व्हईल का?" त्यानं विचारलं.

पेशी म्हणजे गुन्हेगार म्हणून साहेबासमोर उभं राहणं. दोन्ही पाय गेलेल्या माणसाला त्याची काळजी पडली होती.

"न्हाई. मी सांगतो, मीच धाडलं हुतं तुला."

सव्वासातला तो गेला. सॅपर्स साडेसातला आले. पुढे हॉस्पिटलात चौकशी झाली तेव्हा मी तेच सांगितलं. हुकमावरून गेला म्हणून तो ड्युटीवर मेला असं ठरलं आणि त्याच्या बायकोला, सुमनला, पूर्ण पेन्शन लागली. चुकीचा हुकूम दिल्याचा ठपका माझ्यावर आला.

वामनरावांनी फाइलमधून एक कागद काढला. त्या दिवशीच्या संत्रीची, पहाऱ्यावरच्या शिपायाची, जबानी. मी "थांब" म्हणून ओरडलो ते त्यानं ऐकलं होतं. वामनराव म्हणाले, "ज्यानं पाठवलं तो थांब म्हणून ओरडेल का? खरं बोला नाईक, केस तुमचीच आहे." सुमनच्या पेन्शनचं काय होईल, असं मी विचारलं. ते चष्मा पुसत बसले. पुन्हा चौकशी लागेल, एवढंच म्हणाले.

सुनावणीच्या चार दिवस आधी मी एसटीनं राहात्याकडे गेलो. तिला सगळं सांगावं असं मनात होतं. सुमन मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. बसा म्हणाली नाही.

"तुमी धाडलं नसतं तर ते आज हिथं असते," ती म्हणाली. "परत येऊ नका."

मी आल्या पावली फिरलो. एसटीत मला रडू आलं, आणि तिचा रागही आला. हे दोन्ही खरं आहे.

घरी गंगूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती एकलीच हाय. आपन दोघं हाय."

सुनावणी नगरच्या कॅम्पात, सकाळी दहाला. समोर तीन साहेब. मधल्या कर्नलसाहेबांनी संत्रीची जबानी वाचून दाखवली. माणूस भला होता, मला वाट काढून देत होता. तुम्ही थांब का म्हणालात, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"साब, हुकूम मैंने दिया था. बादमें माइन्स याद आये."

माझ्यातर्फे आलेल्या वामनरावांनी फाइल मिटली. दहा वीसला मी बाहेर होतो. अपील फेटाळलं गेलं. गंगू अकरा हंगाम उसाला गेली. मला भलेपणा मिरवायचा नाही. कित्येकदा मी भानुदासला शिव्या घातल्या आहेत.

सुमन गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आता तिची पेन्शन कोणी काढून घेऊ शकत नाही, म्हणून लिहितो आहे. तिची मुलगी वाचेल न वाचेल.

बाई, तुझ्या वडिलांना कोणी पाठवलं नव्हतं. थंडी मरणाची होती आणि सेक्शनमधले नऊ जण चहाची वाट बघत होते. तो आपण होऊन गेला. फांद्या त्यानं शेवटपर्यंत सोडल्या नव्हत्या.