वडापमधलं जर्मन

माणसाची बायको गेली की सगळा गाव एकदम सभ्य होतो. मी काहीही बोललो तरी समोरचा म्हणायचा, बरोबर हाय तुमचं. आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर धाकटी सून म्हणायची, बरोबर. कमी झालंय म्हटलं तरी बरोबरच. ही असेपर्यंत हिनं माझं एकही वाक्य धड शेवटाला जाऊ दिलं नव्हतं. ती गेली आणि मी रातोरात शहाणा झालो. त्या शहाणपणाचा लवकरच वीट आला.

थोरला पोरगा जर्मनीत इंजिनियर. बायको तिथलीच, आणि एक लहान नात. रविवारी त्यांचा फोन यायचा. ही नातीशी घटकाभर बोलायची, तेही निव्वळ मराठीत. जेवलीस काय, न्हालीस काय, तुझा बा असाच नाकात बोट घालायचा. पोरीला अक्षर कळत नव्हतं, पण ती फोन सोडायची न्हाय. ही गेल्यावर माझ्या वाट्याला 'हालो ओपा' आणि 'च्यूस' एवढंच आलं. ओपा म्हणजे आजोबा, च्यूस म्हणजे ठेवते. मधे काही नाही. आजी तर गेलीच, आता आजोबाही जिवंतपणी जाणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

म्हणून राजारामपुरीत जर्मनचा क्लास लावला. सातवी शिकलेला, गडहिंग्लज रस्त्याला जन्मभर वडाप, म्हणजे शेअर जीप, चालवलेला माणूस इंजिनियरिंगच्या पोरांत जाऊन बसला. पोरांना वाटलं, नातवाला सोडायला आलाय.

शिकवणारी बाई माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची. म्हणाली, जर्मनमध्ये क्रियापद दोन नंबरला बसतं. आपलं क्रियापद बिचारं सगळ्यांचं जेवण झाल्यावर पानावर बसतं, ही बसायची तसं. जर्मन क्रियापदाला एवढा धीर नाही. मी पुन्हा पुन्हा त्याला शेवटी नेऊन बसवायचो आणि बाई पुन्हा पुन्हा पुढं ओढायची.

एके दिवशी फळ्याकडं बघता बघता डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "म्याडम, हे तर वडाप हाय की."

बाईनं वडापात कधी पाय ठेवला नसावा. मग सांगितलं. जीपमध्ये माणसं कोंबायची म्हणजे माझ्या उजव्या हाताला, दाराकडं, एक पावणा. मग मी. मग बाकीचे, मावतील तसे. दाराकडं कुणीही बसू दे. आज सरपंच बसला तर तिथं रोज बसणारा मास्तर माझ्या डावीकडं सरकणार. ड्रायव्हर दोन नंबरचा हलत न्हाय. आणि क्रियापदाचे दोन तुकडे असले तर दुसरा वाक्याच्या शेवटी जातो, तो म्हणजे मागं लोंबकळणारा क्लीनर.

पोरं हसली. बाई म्हणाली, अगदी बरोबर. इथंही बरोबरच. मला वाटलं, बाईलाही कुणीतरी सांगितलंय, ह्याची बायको वारलीय म्हणून.

पण पुढच्याच आठवड्यात तिनं 'वाइल' शिकवलं. वाइल म्हणजे कारण. ते आलं की ड्रायव्हर उठून पार मागं, क्लीनरच्याही मागं जाऊन बसतो. मी वाइल घालून एक वाक्य सांगितलं, ड्रायव्हर दोन नंबरलाच ठेवून, आणि विचारलं, नायतर गाडी कोण चालवणार?

"आबा, मराठीत ड्रायव्हर रोज मागंच बसतोय," ती म्हणाली. "गाडी थांबलीय काय? आणि आता तुम्ही सांगितलेलं वाक्य साफ चुकलं. परत सांगा."

चुकलं. वर्षात पहिल्यांदा कुणी मला तोंडावर चुकलं म्हटलं होतं. त्या दिवशी घरी आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढच्या रविवारी नातीला एक वाक्य ऐकवलं, आठवडाभर घोटून घोटून तयार केलेलं. ड्रायव्हर जागेवर, क्लीनर जागेवर. पोरीनं ऐकलं, 'या', म्हणजे हो, म्हणाली आणि फोन बापाकडं दिला. बरोबर बोलणाऱ्याशी माणूस आणखी काय बोलणार?

त्यानंतरच्या रविवारी घाई झाली. आज मटण खाल्लं, एवढंच सांगायचं होतं, पण जुन्या सवयीनं क्रियापद शेवटी गेलं. पोरगी ठसक्यात म्हणाली, "नाइन, ओपा. फाल्श." न्हाय आजोबा, चूक. तिनं बरोबर वाक्य सांगितलं, माझ्याकडनं म्हणवून घेतलं, तेही पुन्हा चुकलं तशी वैतागली, आणि मटण म्हणजे काय ते विचारलं. पोराला फोन हिसकावून घ्यावा लागला. तो ठसका कुठनं आला ते मला सांगायला नको. जर्मनीत तसला मिळत न्हाय.

तेव्हापासून रविवारी मी मुद्दाम ड्रायव्हरला मागं बसवतो आणि पोरगी त्याला कान धरून पुढं आणते. अधनंमधनं एखादं वाक्य बरोबरही बोलतो, नायतर तिला संशय यायचा.

परवा क्लासात बाई म्हणाली, "आबा, तयारी झालीय तुमची. परीक्षेचा फॉर्म भरा की."

"नको म्याडम," मी म्हटलं. "पास झालो तर घरात परत शांतता व्हायची."