तिच्या वाट्याचा बांध

कोपरच्या खाडीकाठचा तो बांध अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले. त्यांतले निम्मे चेहरे विसरलो. हे दोघे विसरता आले नाहीत.

स्वातंत्र्य नवं होतं आणि मीही नवा फौजदार होतो. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून सरकारनं गावाला बांधासाठी अनुदान दिलं होतं. प्रत्येक कुटुंबाकडे बांधाचा एकेक तुकडा होता. पावसाळाभर जो आपला तुकडा शाबूत राखील त्याला वर बक्षिसी मिळायची. जो स्वतःच्या हातानं मोडतोड करील त्याचा हक्क संपला. दुसऱ्यानं नासधूस केली तर मात्र हक्काला धक्का नव्हता.

ऐन श्रावणात गावचा दुकानदार ठाण्यात आला आणि माझ्या कानाशी लागला. "साहेब, विधवा बाईच्या वाट्याचा बांध रातोरात फोडून पुन्हा बुजवलाय. काम शेजाऱ्याचं. हद्दीवरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं अबोला आहे."

त्या बाईला मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या बैलांवर शेती करीत होती. बक्षिसीतून स्वतःची बैलजोडी घ्यायची, एवढी एकच आस धरून बसली होती. ते ऐकून माझं डोकं तापलं. हवालदाराला पाठवून शेजाऱ्याला आणवला. चांगला दमदार आवाज लावायच्या तयारीत होतो, पण गरजच पडली नाही.

"मीच फोडला बांध, साहेब. ल्हून घ्या."

"का फोडलास?"

"राग व्हता."

कबुली देणारा माणूस पुढे हमखास आपल्याबद्दल विचारतो: शिक्षा किती, जामीन मिळेल का. या गृहस्थानं विचारलं, "मंग तिची बक्षिसी ऱ्हाते ना?"

मी हातातली लेखणी खाली ठेवली. वैऱ्याच्या बक्षिसीची काळजी करणारा आरोपी मला तोवर भेटला नव्हता. त्याला बरोबर घेऊनच पंचनाम्याला गेलो.

जागा पाहिली आणि दुकानदाराची गोष्ट ढासळली. बांधाची वाहून गेलेली माती खाडीच्या बाजूला पसरली होती. म्हणजे खारं पाणी आत आलं नव्हतं, आतलं पाणी बाहेर गेलं होतं. जवळच बांधाची उघाडी होती, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं लाकडी दार. ते गाळानं घट्ट बसलं होतं. बाईच्या वाट्याच्या या तुकड्यालगत शेजाऱ्याचं शेत होतं, खोलगट; तिथल्या रोपांवर गढूळ पाण्याची खूण शेंड्यापर्यंत चढलेली. बाईचं शेत उंचावर, कोरडं. आणि बुजवलेलं भगदाड एकट्या माणसाचं काम नव्हतं. एकानं पाण्यात उभं राहून पेंढा दाबून धरायचा, दुसऱ्यानं वरून माती टाकायची, तेव्हा कुठे भरतीच्या आत ते बुजतं.

बाई कडेला उभी राहून सगळं ऐकत होती. शेवटी पदर खोचून पुढे आली.

"त्याला सोडा साहेब. खोटा बोलतंय तो. बांध माझा, कुदळ माझी. दोन दिवस त्याचा भात पान्यात व्हता. आनखी ऱ्हायला असता तर कुजला असता."

"आणि बुजवायला हा आला?"

"आला. पेंढा घेऊन पान्यात उतरला."

"तुम्ही बोलावलंत?"

"मी कशाला बोलावते? आमी बोलत नाय."

"मग त्या वेळी तरी काही बोललात की नाही?"

आता शेजारी उसळला. "बोलायचा कशाला? भरती काय आमच्यासाठी थांबनार व्हती?"

हवालदार तोंड फिरवून हसायला लागला. मला मात्र हसू आलं नाही. एकीनं वैऱ्याचं भात वाचवायला आपली बैलजोडी पणाला लावली, दुसरा तिच्या बैलजोडीसाठी तुरुंगात जायला निघाला, आणि दोघांनी एकमेकांकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

मी अहवाल जसं घडलं तसाच दिला: मोडतोड नाही, पिकासाठी पाण्याला वाट करून बांध भरतीपूर्वी पूर्ववत केला. अनुदानाचे अधिकारी मोठे खट मानले जात. ते उधाणाच्या भरतीला स्वतः येऊन बांधावर उभे राहिले. सगळ्या बांधात तोच तुकडा सर्वांत घट्ट निघाला. बक्षिसी मंजूर झाली.

कबुली मिळाली की तपास संपला असं मी तोवर समजत होतो. त्या दिवसापासून कबुलीचाही तपास करायला शिकलो. माणसांचं वैर नोंदवून घेताना त्यांना पुरतं ओळखल्याचा आवही पुन्हा कधी आणला नाही.

कापणी झाल्यावर तो शेजारी तणतणत ठाण्यात आला. बाईच्या नव्या बैलानं त्याचा पेंढा खाल्ला होता.

"तक्रार ल्हून घ्या साहेब!"

"लिहितो," मी म्हटलं. "बैल कसा आहे?"

त्याचा चेहरा उजळला. "बैल? एक नंबर हाय, साहेब!"