लाल फडक्यातली पुस्तकं

परवा ओल्या चुन्याचा वास आला आणि मी मनानं थेट गंगेकाठच्या मुन्शी घाटावर पोचले.

तेव्हा मी नवी सून, हुशारी दाखवायला उतावीळ. मामंजी सरकारी बांधकामात ओव्हरसियर. साहेब नवे नियम आणी, कचेरी जुन्या नियमांची पुस्तकं टाकून देई आणि मामंजी ती हुडकून लाल फडक्यात बांधून ठेवत. मला इंग्रजीचा गंध नव्हता. जीर्ण पोथ्या गंगेला द्यायच्या, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. हळदकुंकू वाहून, भाड्याची नाव करून, सगळे गठ्ठे मी मधल्या धारेत सोडून आले.

मामंजी पायऱ्यांवरच भेटले. "काय सोडलंस, सूनबाई?"

"लाल फडक्यातल्या पोथ्या. पार वाळवी लागली होती."

त्यांनी पायरीच्या दगडावर हात ठेवला. "अगं, हे घाट चुन्यातले. दगड निखळला तर चुना कसा मळायचा, ते त्यात होतं. नव्या पुस्तकात नुसतं सिमेंट!"

"उहाँ बहुत पानी बा, बाबूजी," नाववाला हळूच म्हणाला. तिथं पाणी फार खोल, गठ्ठे आता हाती लागायचे नाहीत.

मी रडू लागले. "कचेरीवाले भट्टीत घालणार होते. तू निदान गंगेला दिलीस," म्हणत मामंजींनी नदीला हात जोडले.

तेव्हा वाटलं, सुटले बाई! आता कळतं, हात जोडण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरलंच नव्हतं.