सदऱ्यावरचं रक्त

ही केस आठवली की आजही डोकं तापतं. राग खुन्याचा येत नाही, आमच्याच खात्याचा येतो.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मंठा तालुक्यातल्या एका गावात मळ्यात राहणाऱ्या विधवा बाईचा खून झाला. तिच्या दिरानेच ठाण्यात खबर दिली, "साहेब, सालगड्याला मळ्यातून पळताना पाह्यलं मी." ठाण्याच्या निरीक्षकांनी त्याच दिवशी सालगड्याला उचललं. त्याने कबुली दिली, आणि त्याच्या सदऱ्यावरचं रक्त बाईच्या गटाचं निघालं. झाली केस तयार!

सालगड्याच्या नातेवाइकांनी वर अर्ज केले, म्हणून तपास आमच्या स्थानिक गुन्हे शाखेकडे आला. गावात गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आधीच्या पथकाचा मुक्काम आणि जेवण दिराच्याच घरी होतं. आपल्याकडे ही रीतच आहे. ज्याच्या घरी कोंबडी खाल्ली, त्याच्याकडे संशयाने बघणार कोण? मी डबा सोबत ठेवला.

कारागृहात सालगड्याला भेटलो. तो म्हणाला, "ते रगत माझंच हाय, साहेब. ठाण्यात मारलं तवा नाकातून आल्तं. पयल्याच दिवशी सांगतलं, तं आणखी मारलं."

निरीक्षकांना विचारलं. ते हसले. "अंगाला बोट लावलं नाही आम्ही. अटकेच्या पंचनाम्यात बघा, एक ओरखडा नाही." हे वाक्य आमच्याकडे डोळे मिटून लिहितात, आरोपी लंगडत असला तरी.

सालगड्याचा आणि बाईचा रक्तगट एकच होता, त्यामुळे जुन्या तपासणीचा उपयोग नव्हता. डीएनए तेव्हा आम्हाला ऐकूनच माहीत. शवविच्छेदनात बाईच्या मुठीत मुळासकट उपटलेले केस सापडले होते. ते सीलबंद पुडीत मुद्देमालाच्या खोलीत तसेच पडून होते. कबुली मिळाल्यावर कोण बघतो! कोर्टाच्या परवानगीने सदरा, केस आणि रक्ताचे नमुने हैदराबादच्या डीएनए प्रयोगशाळेत पाठवले. दिराचं रक्त घेताना तो चिडला, "माझं कशाला? मी तं खबर देणारा माणूस!"

अहवाल यायला बरेच महिने लागले. सदऱ्यावरचं रक्त सालगड्याचंच होतं, आणि मुठीतले केस दिराचे.

अहवाल समोर ठेवल्यावर दीर कोसळला. वहिनीची जमीन त्याला हवी होती. मी निरीक्षकांना एवढंच विचारलं, "अटकेच्या वेळी ओरखडा नव्हता, मग हे रक्त निघालं कुठे?" ते म्हणाले, "तपासात थोडंफार होतंच हो."

थोडंफार! एक गरीब माणूस फासावर गेला असता, आणि खरा खुनी पोलिसांना जेवू घालत गावात मिरवला असता. निरीक्षकांचं काय झालं? बदली झाली, तीही सोयीच्या ठाण्यात. याची चीड मला अजून आहे. मारून मिळते ती कबुली, खुनी नव्हे. आणि काठी चालते तिथे खरा पुरावा पुडीत कुजत राहतो. डीएनएचं कौतुक मलाही आहे, पण काठीवर ते औषध नाही.

सालगडी सुटला त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं, "हैदराबादच्या तपासणीत सिद्ध झालं बघ, रक्त तुझंच होतं."

तो म्हणाला, "मी तं तेच सांगत होतो, साहेब. इचारलं समद्यांनी. ऐकलं कोणी?"