जावेचा मुंजा

आमच्या घरात लिहिणारी म्हणजे मी, असं बरीच वर्षं ठरलेलं होतं. शाळेत मराठी शिकवायचे आणि दिवाळी अंकांत कथा लिहायचे, बहुतेक दुःखाच्या. मग धाकट्या जावेनं कादंबरी लिहिली. ती दुधनीची, माहेरी कानडी बोलणारी. आमच्या सोलापूरच्या चादरींच्या दुकानात बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर बोटं चालवायची. मला वाटायचं, मैत्रिणींशी गप्पा चालल्यात.

कादंबरीत पोस्टातून रिटायर झालेली एक बाई पिंपळावरच्या मुंज्याकडे भुताचं काम शिकायला जाते. तीही जिवंतपणी. मुंजा एवढासा पोर, पण गुरू म्हणून फार कडक. बाईला काही केल्या कुणाला घाबरवता येत नाही. ज्याला घाबरवायचं त्यालाच ती विचारते, "जेवलास का रे?"

"मुलांसाठी आहे ना?" मी विचारलं.

"न्हाय अक्का, मोठ्यांसाठी. तुमी शुद्धलेखन बघता का? तुमचं लई चांगलं हाय की."

शुद्धलेखन! माझ्या कथा वाचून तिला एवढंच दिसलं होतं.

रविवारी दुपारी तिनं छापून दिलेले कागद घेऊन वाचायला बसले. वाईट निघावी अशी फार इच्छा होती. तिसऱ्या प्रकरणात मला हसू फुटलं. नवऱ्यानं बाहेरून विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "ठसका लागला." मग त्यानं ते कागद नेले आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला. माझी कथा वाचून तो आजवर "छान आहे" याच्यापुढे गेला नव्हता.

एक जागा मात्र लंगडी होती. परीक्षेत बाई नापास होते, तिथं मुंजा नुसता रागावत होता. वर्गात मुलांना बोलते तसं मी लिहून टाकलं, "बाई, तुमचा पाया कच्चा आहे. आधी मरून या."

वाचनालयात प्रकाशन झालं. जाऊ हेल काढत वाचत होती, लोक हसत होते. त्या वाक्याला तर अख्खा हॉल खो खो हसला. शेजारच्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, "काय डोकं आहे हो तुमच्या जावेचं!"

"हो ना," मी म्हणाले.

घरी येताना स्कूटरवर मागं बसलेली जाऊ म्हणाली, "अक्का, ते वाक्य तुमचं, हे मी सांगायला पायजे हुतं."

"छे, त्यात काय!" मी म्हणाले आणि सिग्नलला उगाच जोरात ब्रेक लावला. तिनं ते स्टेजवरूनच सांगायला हवं होतं, न विचारता.

आता दुसरा भाग चालू आहे. परवा तिनं विचारलं, बाईची नवी गुरू म्हणून पेन्शनची वाट बघणारी हडळ कशी वाटेल?

मला ती फार आवडली. रात्री झोप येईना, इतकी.

"ठीक आहे," मी म्हणाले.